रविवारची न्याहारी, हॉटेलातली



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज बोलायचं आहे हॉटेलात खायला जाण्याबद्दल. कर्ज, व्याज, बँकेची पासबुकं हे विषय आपण दर महिन्याला घेतो. हा विषय खरं म्हणजे त्यांच्यापासून फार लांबचा नाही, हे ऐकता ऐकता कळेल.

रविवारी सकाळी दहा-अकराच्या सुमाराला जालना रोडनं छत्रपती संभाजीनगरकडं गेलात तर हॉटेलांपुढं गाड्या उभ्या दिसतात. नवरा-बायको, दोन लेकरं, कधी सोबत आजी. उशिरा उठायचं, घरी नुसता चहा घ्यायचा आणि मग बाहेर जाऊन पोटभर खायचं. म्हणजे सकाळचा नाश्ताही झाला आणि दुपारचं जेवणही. शहरात याला 'ब्रंच' म्हणतात. ब्रेकफास्ट आणि लंच या दोन शब्दांची मोळी बांधून तो केलेला आहे. इंग्लंडमध्ये गाय बेरिंजर नावाच्या एका लेखकानं 1895 साली या जेवणाची बाजू मांडणारा लेख लिहिला आणि शब्द रुळला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शनिवारी रात्री जागलेल्या माणसाला रविवारी सकाळी उठवू नये, त्याला सावकाश उठू द्यावं आणि मग चांगलंचुंगलं खायला द्यावं.

आपल्याकडं हे जेवण पूर्वीपासून आहेच. आपण त्याला न्याहारी म्हणतो. पहाटे उठून झाडलोट, पाणी, धारा, भाकरी उरकून बाई शेतात जाते. कापूस वेचायचा असेल तर दोन ओळी होतात, ऊन चढतं, आणि दहा-अकराला बांधावर फडकं सोडून भाकरी, ठेचा, कांदा खाल्ला जातो. नाश्ता आणि जेवण एकत्रच. बेरिंजरसाहेबांचा माणूस उशिरा उठतो म्हणून उशिरा खातो, आपली बाई लवकर उठते म्हणून उशिरा खाते. वेळ घड्याळात एकच.

पण रविवारी, सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्याच्या हातचं आयतं खायला बाहेर जायचं, यासाठी तीन गोष्टी लागतात. एक म्हणजे सुट्टी, दुसरं म्हणजे त्या जागी बसायचा हक्क, आणि तिसरं म्हणजे रांधणारं दुसरं कुणीतरी. या तिन्ही गोष्टी आपल्या महाराष्ट्रात आपोआप आल्या नाहीत. त्यांच्यासाठी माणसांनी काय काय केलं, ते आज सांगायचं आहे.

पहिल्यांदा सुट्टी. रविवार हा सुट्टीचा वार आहे, हे आपण इतकं गृहीत धरतो की तो कुणी मिळवला हे आपल्या मनात येत नाही. मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामगारांना दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम असे आणि आठवड्याची म्हणून ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. त्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या. त्यातली एक मागणी रविवारच्या सुट्टीची होती. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, त्या दिवशी माणसाला देवधर्म करायला, घरचं पाहायला मोकळीक हवी, असं ते सांगत. साहेबाच्या चर्चचा वार त्यांनी खंडोबाच्या नावानं मागून घेतला, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं.

सहा वर्षं गेली. 24 एप्रिल 1890 ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी, दहा हजारांच्या सभेत, उभं राहून. आपल्या ग्रामसभेत माईक हातात आला की आपल्यातल्या कितीजणी शेजारणीकडं सरकवतात, ते तुम्हीच आठवा. 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, 1891 च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांचं काम दिवसाला अकरा तासांच्या वर नेता येणार नाही असंही ठरलं. अकरा तास! तेही तेव्हा फार मोठं मिळवलेलं होतं.

आता त्याच वर्षातली पुण्यातली गोष्ट ऐका. मुंबईच्या कामगारांना रविवार मिळाला जूनमध्ये. ऑक्टोबरमध्ये, म्हणजे चारच महिन्यांनी, पुण्यात पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनच्या जागी एक व्याख्यान झालं. शहरातली मोठमोठी माणसं आली होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर पाहुण्यांपुढं चहा आणि बिस्किटं आली. कुणी चहा प्यायला, कुणी कप नुसता पुढं ठेवला. हे सगळं जमवून आणण्यात गोपाळराव जोशी होते. पहिल्या स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्यांचे हे यजमान. माणूस विचित्र होता. त्यांनीच पुढं हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. मग जो गदारोळ झाला! परधर्मीयांच्या हातचा चहा घेतला म्हणून या लोकांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. ते दोन वर्षं चाललं आणि शेवटी रानड्यांनी आणि टिळकांनीसुद्धा प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टात बसायच्या योग्यतेचा माणूस, पण एका कपानं त्याला जातीपुढं मान खाली घालायला लावली.

बाहेर खाणं म्हणजे तेव्हा नुसता पैशाचा प्रश्न नव्हता, हे यावरून कळतं. कुणी रांधलं, कुणी वाढलं, शेजारी कोण बसलं, भांडं कुणाचं, हे सगळं पाहिलं जाई. म्हणून प्रवासाला निघालेला माणूस घरून दशम्या बांधून घेई. आजही पंढरीच्या वारीला निघताना आपली सासू दशम्या आणि चटणी बांधते. दशमी टिकते हे खरं कारण आहेच, पण तिच्या मागं ही जुनी भीतीही दडलेली आहे.

याचा अर्थ आपल्या बायका घराबाहेर कधी खातच नव्हत्या असं नाही. आठवडी बाजार होता, जत्रा होती. बाजारात भाजी विकून झाली की लेकरासाठी गोडीशेव, भजी, जिलबी कागदात बांधून घ्यायची आणि एखादा तुकडा आपल्याही तोंडात टाकायचा. पण तो उभ्या उभ्या, पदराआड, जणू चोरी करतोय असा. आणि जत्रा म्हणाल तर आपल्या शेंद्र्याचं नाव सगळ्या मराठवाड्यात पोचवलं ते मांगीरबाबाच्या जत्रेनं. कारखाने काल आले. चैत्रात माणसांचा नुसता पूर लोटतो. नवस फेडायला येणारी कुटुंबं मोकळ्या रानात तीन दगडांची चूल मांडतात, कंदुरी होते, आलेल्या-गेलेल्याला बोलावून वाढलं जातं. उघड्यावर, शेकडो चुली, शेकडो पंगती. बाहेर खाण्याचा याहून मोठा सोहळा आमच्या पाहण्यात नाही. फक्त एक आहे. रान बाहेरचं असलं तरी चुलीपुढं बाई घरचीच असते. जत्रेतही भाकरी तिलाच थापायच्या असतात.

आपल्या शहराचंही एक जुनं बाहेरचं खाणं आहे, नान-खलिया. मुहंमद तुघलकानं 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा एवढ्या मोठ्या फौजेला पोटभर घालायला हे कालवण आणि तंदुरातली रोटी आली, असं सांगतात. सातशे वर्षांच्या गोष्टीला कागद कुठून आणायचा? पण लग्नकार्यात मोठमोठ्या डेगीत खलिया शिजताना पाहिला की फौजेची गोष्ट पटते.

आता हॉटेल. मराठीत आपण टपरीवजा चहाच्या दुकानालाही हॉटेलच म्हणतो, त्या अर्थानं. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इराणी आले. त्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यावर चहाची दुकानं काढली. इराण्याकडं जात विचारत नसत, पैसे द्या आणि मस्का-पाव खा. दादरला 1910 मध्ये मामा काण्यांनी स्वच्छ उपाहारगृह काढलं, नावातच 'स्वच्छ' घालून. मग दक्षिणेकडून उडुपीवाले आले, इडली-डोसा आला. पुण्यात, नाशकात, हळूहळू आपल्याकडं तालुक्याच्या गावीसुद्धा हॉटेलं झाली.

या हॉटेलांत बाई कुठं बसायची? आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांना आठवत असेल, हॉटेलवर एक पाटी असायची, 'फॅमिली रूमची सोय आहे'. आत पडदे लावलेले किंवा फळ्यांचे आडोसे केलेले खण असायचे. बाई आली की मालक काही न बोलता बोटानं आत दाखवायचा. बाहेरची मोकळी, वाऱ्याची, खिडकीची जागा पुरुषांची, आतली कोंदट जागा बाईची. काही बायकांना तो पडदा बरा वाटायचा, हेही खरं. निवांत खाता यायचं, कुणाच्या नजरा नाहीत. आम्ही त्या पडद्याला नुसती नावं ठेवणार नाही. त्याच पडद्यानं बाईला हॉटेलच्या दारातून आत आणलं. पण 'फॅमिली' या शब्दात मेख होती. एकटी बाई म्हणजे फॅमिली नाही. दोन बायका म्हणजेही नाही. सोबत पुरुष असला की फॅमिली.

आणि काहींना तर तो पडदासुद्धा नव्हता. दलित समाजाच्या माणसाला हॉटेलात दारातच थांबवत, चहा दिला तर वेगळ्या कपात, आणि तो कप त्यानंच विसळून ठेवायचा. या बाबतीत कोल्हापूरची एक गोष्ट आम्ही गटात नेहमी सांगतो. गंगाराम कांबळे नावाचा एक महार समाजातला माणूस राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होता. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला इतरांनी बेदम मारलं. महाराज गावी नव्हते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामाला सांगितलं, नोकरीत राहू नकोस, स्वतःचा धंदा काढ. पैसे दिले. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर गंगारामानं चहाचं दुकान काढलं, त्याचं नाव 'सत्यसुधारक हॉटेल'. दुकान स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढं थांबवू लागले, गंगारामाला हाक मारून चहा मागवू लागले, आणि गाडीत बसलेल्या सरदार-दरकदारांच्या हातातही कप देऊ लागले. महाराज पितात म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पुढं महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक उभं करण्यात हाच गंगाराम पुढं होता.

महाराजांनी भाषण केलं असतं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि घरी गेले असते. त्यांनी गिऱ्हाईक होऊन दाखवलं. दुकान गिऱ्हाइकानं चालतं, हे आपल्यासारख्या पापड-मसाले विकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यातली गोष्ट 1934 ची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. उन्हाचे, धुळीनं भरलेले आलेले लोक. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचा हौद होता, त्यावर त्यांनी हातपाय धुतले. एवढ्यावरून आरडाओरडा झाला, पाणी बाटवलं म्हणून. शेवटी किल्ला पाहू दिला, पण सोबत पहारा देऊन, की कुठं पाण्याला हात लावू नये. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर, आणि पाण्याच्या ओंजळीवर पहारा. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आज आपण दौलताबादला सहलीला जातो, बाटलीतलं पाणी पितो, फोटो काढतो. तो हौद पाहताना ही गोष्ट पोरांना जरूर सांगा.

पुढं 26 जानेवारी 1950 ला संविधान लागू झालं. त्यातलं कलम 15 आपल्यापैकी पुष्कळजणींनी प्रशिक्षणात ऐकलं आहे, भेदभाव करता येणार नाही म्हणून. पण त्याच्या दुसऱ्या भागात काय आहे, ते फार कुणी वाचून दाखवत नाही. तिथं दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव यांची नावं आलेली आहेत. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्या कारणावरून कुणालाही तिथं जायला अडवता येणार नाही. लिंग, बरं का. म्हणजे बाई आहे म्हणून अडवता येणार नाही. देशाच्या सगळ्यात मोठ्या कायद्यात उपाहारगृहाचं नाव घालावं लागलं, यावरूनच ओळखा की चहाचं टेबल ही किती मोठी गोष्ट होती. 1955 मध्ये अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला आणि हॉटेलात अडवणं हा शिक्षेचा गुन्हा ठरला.

सुट्टी झाली, जागेचा हक्क झाला. राहिली तिसरी गोष्ट, रांधणारं कोण. इथं आपली खरी गोष्ट सुरू होते.

मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, घाटावरून पुरुष एकटे आले. बायको गावी. एका खोलीत पंधरा-वीसजण राहायचे, पाळीपाळीनं झोपायचे. यांना जेवण कोण देणार? गिरणगावातल्या बायका. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा दारूत, कुणाची कमाई अपुरी. त्या दहा बाय दहाच्या खोलीत पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वयंपाक करायच्या आणि महिन्याच्या बोलीवर कामगारांना जेवू घालायच्या. त्यांना खानावळवाल्या म्हणत. पगार झाला की कामगार पैसे देणार, तोवर धान्य, तेल, रॉकेल उधारीवर. वाणी आणि सावकार यांच्या कचाट्यात बाई अडकलेली. गहाण काय, तर मंगळसूत्र आणि भांडी.

1974 च्या सुमाराला गिरण्यांचा मोठा संप झाला. पगार बंद. पण खानावळवाल्यांनी ताटं बंद केली नाहीत. उधारीवर जेवू घातलं, स्वतः कर्जात गेल्या. संप म्हटलं की पुढाऱ्यांची नावं छापून येतात, पण संप ज्या भाकरीवर चालला ती थापणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. ही गोष्ट प्रेमा पुरव यांनी हेरली. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांनी 1975 मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण 1969 मध्ये झालं होतं, गरिबाला कर्ज द्यायचं धोरण कागदावर होतं. प्रेमाताईंनी त्या कागदाला धरलं. सुरुवातीला मोजक्याच खानावळवाल्यांना, एकमेकींच्या जामिनावर, बँकेतून कर्ज मिळवून दिलं. तारण काही नाही, शेजारणीचा शब्द हेच तारण. त्यांनी फेडलं, मग पुढच्यांना मिळालं, आणि पाहता पाहता हजारो बायका जोडल्या गेल्या. सावकार सुटला. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

ऐकताना ओळखीचं वाटतंय ना? आपल्या गटाचं कर्ज असंच चालतं. आज आपण बँकेत ठरावाची प्रत घेऊन जातो, तेव्हा त्या वाटेवर आपल्या आधी खानावळवाल्या चालून गेलेल्या आहेत. गंमत पाहा, आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, तेही 1975 चंच, त्याच महिला वर्षातलं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा तो शेवटचा मोठा संप सुरू झाला आणि गिरणगाव उठलं. जेवणारेच गेले. खानावळ आटली. अन्नपूर्णा मंडळ मात्र टिकलं, कारण त्यांनी ऑर्डरचं जेवण, कॅन्टीन, प्रशिक्षण अशी नवी कामं धरली. एकाच गिऱ्हाइकावर धंदा ठेवू नये, हे त्यांना फार मोठी किंमत मोजून कळलं होतं.

सरकारनंही स्वस्त जेवणाच्या योजना काढल्या. 1995 नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली. पुष्कळ ठिकाणी झुणका गेला, भाकर गेली, टपरी तेवढी राहिली आणि तिच्यात वडापाव आला. 26 जानेवारी 2020 पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, टाळेबंदीत ती पाच रुपयांना झाली. यातली काही केंद्रं बचतगटांनी चालवली. टाळेबंदीत माणसं घरात असताना बायका केंद्रावर उभ्या होत्या.

आता शेंद्र्याकडं येऊ. आपल्या रानात एमआयडीसी आली. 2001 मध्ये स्कोडा गाडीचा कारखाना उभा राहिला आणि शेंद्रा हे नाव पेपरात यायला लागलं. मग शेंद्रा-बिडकीन मिळून ऑरिक हे नवं औद्योगिक शहर. 7 सप्टेंबर 2019 ला पंतप्रधानांनी ऑरिकच्या इमारतीचं उद्घाटन केलं, त्याच दिवशी बचतगटांच्या महिलांचा राज्याचा मेळावा झाला. जिल्ह्या-जिल्ह्यांतून बायकांनी भरून गाड्या आल्या होत्या.

जमिनी गेल्या, पैसे आले, काहींचे टिकले, काहींचे गेले. पोरं कारखान्यात लागली. बाहेरगावचे कामगार भाड्यानं राहायला आले, एका खोलीत चार-पाचजण. म्हणजे गिरणगावातलीच गोष्ट पुन्हा. आणि त्यांच्यासाठी डबे करणाऱ्या बायकाही आल्या, त्याही आपल्यातल्याच.

अशातच आमच्या तीन गटांनी मागं एका रविवारी हॉटेलात खायला जायचं ठरवलं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, प्रत्येकीनं आपापले पैसे काढायचे, हे पहिल्यांदा लिहून घेतलं. तरी गावात चर्चा झालीच. "घरी खायला कमी आहे का?" "गट काढला तो याच्यासाठी का?" एका आजेसासूबाईंनी विचारलं, "माय, पुरी तुला येत नाही का करता?" येते की. येते म्हणूनच तर एक दिवस नको होती.

सतराजणी गेलो. वेटर पोरगा पाण्याचे ग्लास ठेवून म्हणाला, "साहेब लोक मागून येतायत का?" आमच्यातल्या वयानं मोठ्या मावशी म्हणाल्या, "साहेब लोकांनी भाकरी खाल्लीय, तू आमचं लिही." मग कुणी डोसा मागवला, कुणी मिसळ, बऱ्याचजणींनी पुरीभाजी. चार-पाचजणींनी आयुष्यात पहिल्यांदा गरम पुरी बसून खाल्ली. आपण घरी पुऱ्या तळतो तेव्हा शेवटची, निवलेली, वातड झालेली आपल्या वाट्याला येते, हे तुम्हाला सांगायला नको. एकजण मात्र ताट पुढं घेऊन बसून राहिली. म्हणाली, "घरी दोघं नुसती चटणी-भाकर खात असतील." तिला कुणी चेष्टेवारी नेलं नाही. हॉटेलातला घास बाईच्या घशात का अडकतो, याचं कारण पैशात नसतं. तिनं हळूहळू खाल्लं, आणि निघताना दोन वडे बांधून घेतले.

परत येताना गाडीत हिशेब सुरू झाला. बायका आहेत, हिशेब केल्याशिवाय घरी पोचायच्या नाहीत. पाच पुऱ्या, वाटीभर भाजी, याला कणीक किती, बटाटा किती, तेल किती, गॅस किती. कच्च्या मालाचा आणि बिलाचा आकडा यात केवढं तरी अंतर निघालं. एक म्हणाली, "हे आपण विकलं तर?" कामगारांच्या खोल्यांजवळ गाळा घेऊन नाश्ता आणि जेवण सुरू करावं, हा विषय त्या गाडीत निघाला, तो आजपर्यंत चालू आहे.

आणि त्यावर वादही चालू आहे. गाळ्याचं भाडं, भांडी, परवाना, यावर एकमत झालं. अडलं ते एका ओळीवर. रांधणारीची मजुरी खर्चात धरायची की नाही? निम्म्या बायका म्हणतात, "आपलंच काम, आपल्याच हाताचं, त्याची कसली मजुरी? जे उरेल ते वाटून घेऊ." ऐकायला बरं वाटतं. पण मजुरी न धरता ताटाचा भाव लावला की ताट स्वस्त दिसतं, गिऱ्हाईक वाढतं, काम वाढतं, आणि उरत काही नाही. गिरणगावच्या खानावळवाल्यांचं हेच झालं होतं. त्यांच्या हिशेबात तांदूळ होता, रॉकेल होतं, सावकाराचं व्याज होतं. पहाटे चारपासूनचे त्यांचे हात कुठंच लिहिलेले नव्हते. आम्ही संयोजिका म्हणून बाजू घेऊ नये असं म्हणतात. या एका ओळीपुरती आम्ही घेतो. मजुरी पहिल्यांदा लिहायची, मग डाळ-तांदूळ. त्यातून ताट चार रुपयांनी महाग झालं तर तसं गिऱ्हाइकाला सांगायचं. हॉटेलवाला आचाऱ्याचा पगार धरूनच भाव लावतो, त्याला कुणी विचारत नाही.

तर तीनपैकी दोन गटांत हे मान्य झालं आहे. तिसऱ्या गटानं पुढच्या महिन्याचा वेळ मागितला आहे, त्यांच्या वहीत सध्या त्या ओळीपुढं जागा कोरी ठेवली आहे. आणखी एक मुद्दा राहिला आहे, रविवारचा. कामगारांच्या खोल्यांवर रविवारीच जास्त माणसं असतात, त्या दिवशी धंदा सगळ्यात जास्त होणार. म्हणून काहीजणी म्हणतात रविवारी दुकान चालू ठेवावं. काहीजणी म्हणतात, मग आपल्याला सुट्टी कुठल्या वारी? एकीनं सुचवलं आहे की दोन पाळ्या कराव्यात, म्हणजे एका रविवारी निम्म्या बायका कामावर आणि निम्म्या मोकळ्या. तीन पिशव्यांच्या चिठ्ठ्या तयार आहेत, चालू, बंद आणि आळीपाळी. येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपलं मत ठरवून यावं, आणि तिसऱ्या गटानं वही आठवणीनं सोबत आणावी.